थकलेल्या हृदयाला उसना जोर

हृदयाची शस्त्रक्रिया करून कोणी गावी परत आला की आपली माणसे भेटायला येतात आणि दोनच गोष्टी विचारतात. खर्च किती आला, आणि आता काम जमते का. मधल्या काही तासांत त्या माणसाचे हृदय बंद ठेवले होते, ते पुन्हा चालू कसे झाले आणि चालू झाल्यावर कशाच्या आधाराने टिकले, हे कोणी विचारत नाही. डॉक्टरांचे काम डॉक्टरांना माहीत, असे म्हणून विषय संपतो. आमच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आमच्या बाईची, शस्त्रक्रिया नागपूरला झाली तेव्हापासून आमचे मत असे आहे की ही मधली गोष्टच आधी समजून घेतली पाहिजे. घरच्या माणसांची भीती, आशा आणि पुष्कळदा घरचा पैसाही तिच्यावरच खर्च होतो.

आम्ही चिचगडचे. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्याचा हा जंगलपट्टा, पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता, एवढ्यावर घरे चालतात. गोंदियाला २०१६ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरी हृदय उघडायचे म्हटले की आमच्याकडची वाट देवरी, साकोली, भंडारा करीत नागपूरलाच जाते.

बाईचे दुखणे लहानपणचे. घसा दुखायचा, ताप यायचा, मग गुडघे आणि घोटे सुजायचे. सांधे आपोआप बरे व्हायचे, म्हणून घरात कोणाला त्याचे विशेष वाटले नाही. हा संधिवाताचा ताप. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे सुटतात, झडप सुटत नाही. एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात, तिथे हा घशाचा रोग एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. म्हणून तो श्रीमंतांच्या घरी कमी आणि आपल्या घरी जास्त दिसतो. वेळीच ओळखला तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेऊन झडप वाचवता येते. बाईच्या बाबतीत तो ओळखला गेला तेव्हा ती दोन लेकरांची आई होती. रोवणीच्या दिवसांत परे हातात धरून ती बांधीतच उभी राहायची, कारण वाकले की दम लागायचा. पुढे पुढे रात्री आडवे होता येईना. भिंतीला टेकून बसून झोपू लागली.

नागपूरला इको काढला. मायट्रल झडप, आपली माणसे जिला दिलाचा वॉल म्हणतात, गळत होती. डावा कप्पा फुगला होता आणि कागदावर लिहिले होते, ताकद ३० टक्के. तो आकडा ऐकून भाऊजी खालीच बसले. त्यांना वाटले सत्तर टक्के हृदय मेले. असे नसते. धडधाकट माणसाचे हृदयही एका ठोक्याला कप्प्यातले सगळे रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के टाकते. त्या मापाने ३० म्हणजे निम्म्यावर आलेले, थकलेले हृदय.

भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मात्र आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐकून आमचीही बोलती बंद झाली. त्या म्हणाल्या, "भाऊ, गळक्या झडपेत हा आकडा पण फुगलेला असते. त्यातलं काही रक्त पुढे जातच नाही, मागे फुफ्फुसाकडे जाते." विहिरीवरच्या मोटरीचा फूटवॉल गळत असेल तर मोटर फिरते, आवाज करते, पण पाणी पुरते वर चढत नाही, तसेच हे. नवी झडप बसली की मागची वाट बंद होते. हृदयाला ठोक्याचे सगळे रक्त पुढेच ढकलावे लागते. दुरुस्ती झाल्यावरचे पहिले काही तास आणि दिवस म्हणूनच दुरुस्तीच्या आधीपेक्षा अवघड. आमच्या समजुतीप्रमाणे झडप बदलली की काम फत्ते होते. त्यांच्या हिशेबाने खरी परीक्षा तिथूनच सुरू होत होती.

शस्त्रक्रियेआधी आम्ही गावी आलो होतो तेव्हा विहारातल्या एका म्हाताऱ्या उपासकांनी विचारले, "दिल बंद करते म्हंते, त मंग जीव कुठी रायते?" काही पोरे हसली. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. हृदयात जीव बसतो, आत्मा राहतो, असे हजारो वर्षे सांगितले गेले आहे. आत्मा नाकारणारा धम्म बाबासाहेबांनी १९५६ साली याच नागपुरात आपल्याला दिला, पण अंगवळणी पडलेली जुनी भाषा लवकर जात नाही. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की बाबा, हृदय हा पंप आहे. तेवढा वेळ दुसरा पंप लावतात. रक्त फिरत राहिले, त्यात प्राणवायू मिसळत राहिला, की माणूस जिवंत राहतो. ते म्हणाले, "अस्सं हाय काजी," आणि त्यांना ते पटले. खरे तर शिकलेल्यांपेक्षा लवकर पटले.

हा दुसरा पंप म्हणजे हृदय-फुफ्फुस यंत्र. अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी ते वापरून एका तरुण मुलीच्या हृदयातले भोक बंद केले. तिथून उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रियेचा रस्ता मोकळा झाला. आपल्या राज्यात हे काम पुढे नेणारी जागा म्हणजे मुंबईतल्या परळचे, गिरणगावातले, महापालिकेचे के.ई.एम. रुग्णालय. तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. रोगी काही तासांतच दगावला. बसवलेले हृदय ठोके देऊ लागते, हा अर्धाच रस्ता. त्याने शरीराचा भार पेलला पाहिजे, हा उरलेला अर्धा.

यंत्र लावल्यावर महारोहिणीला चिमटा लावतात आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत पोटॅशियम मिसळलेले द्रावण सोडतात, पुष्कळदा थंड करून. हृदय ढिले पडते आणि थांबते. मग शांतपणे झडप कापून नवी शिवता येते. पण त्या वेळात हृदयाच्या स्नायूला रक्त मिळत नसते. चिमटा काढला की रक्त परत येते, ठोके सुरू होतात, आणि स्नायू काही काळ बधिर असल्यासारखा वागतो. मेलेला नसतो, पण पुरा जोरही लावत नाही. धडधाकट हृदय यातून आपोआप सावरते. आधीच थकलेले हृदय तिथेच अडते. यंत्र हळूहळू कमी करीत बंद करायचे असते, आणि रक्तदाब वर राहत नाही. या घडीला औषधे लागतात.

अतिदक्षता विभागात बाईच्या उशाशी आम्ही ती पाहिली. हातभर लांबीची छोटी यंत्रे एकावर एक बसवलेली, प्रत्येकात एक मोठी सिरिंज आडवी ठेवलेली आणि यंत्र तिचा दट्ट्या डोळ्याला दिसणार नाही इतक्या संथपणे पुढे ढकलत असलेले. त्यांच्या नळ्या बाईच्या मानेतल्या शिरेत गेलेल्या. औषधाचे माप दर किलो वजनामागे, दर मिनिटाला, मायक्रोग्रॅममध्ये. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा थेंबावर आमचे घर टांगलेले होते.

प्रत्येक औषधाचे काम वेगळे. अॅड्रेनलिन आपल्या शरीरातही तयार होते. वाघ दिसला की छाती धडधडते ती त्याने. ते हृदयाला जोरात आणि भराभर ठोके द्यायला लावते. डोब्युटामिन थोडे त्याच जातीचे. नॉरअॅड्रेनलिन मुख्यतः रक्तवाहिन्या आवळून दाब वर ठेवते. मिलरिनोन हृदयाचा जोर वाढवते आणि रक्तवाहिन्या सैलही करते, म्हणजे बैलाला हाकताना गाडीवरचे दोन पोते उतरवल्यासारखे. पण त्याने दाब घसरू शकतो, म्हणून जोडीला नॉरअॅड्रेनलिन द्यावे लागते. यातले कोणतेही औषध हृदय बरे करीत नाही. आम्ही तसे स्पष्ट विचारले आणि मॅडमनी तसेच स्पष्ट उत्तर दिले. चिखलात रुतलेल्या बैलाला पराणी टोचली की तो जीव खाऊन गाडी बाहेर काढतो. त्याच पराणीवर त्याला रोज कोसभर चालवले तर तो बसतो. या औषधांनी हृदयाला प्राणवायू जास्त लागतो, ठोक्यांची लय बिघडू शकते, अॅड्रेनलिनने रक्तातली साखर चढते. म्हणून लागेल तेवढेच, आणि शक्य होताच कमी.

ही नुसती बैलगाडीची उपमा नाही, याला मोठा पुरावा आहे. मिलरिनोन गोळीच्या रूपात रोज दिले तर अशक्त हृदयाच्या माणसांना बरे वाटेल, असे एके काळी डॉक्टरांनाही वाटत होते. १०८८ रोग्यांवर पाहिले. १९९१ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त. जोर वाढवणारे औषध रोज दिले आणि माणसे जास्त मेली. उलट हृदयाची गती कमी करणाऱ्या, त्याला अॅड्रेनलिनच्या माऱ्यापासून आडोसा देणाऱ्या बिसोप्रोलोल, मेटोप्रोलोल यांसारख्या गोळ्या अशा रोग्यांना हळूहळू वाढवत दिल्या तर मृत्यू कमी होतात, हे १९९९ च्या मोठ्या चाचण्यांत दिसले. बिसोप्रोलोलच्या चाचणीत २६४७ रोगी होते आणि मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. शस्त्रक्रियेच्या घडीला पराणी, घरी आल्यावर विसावा. सोण नावाच्या भिक्खूला भगवंतांनी वीणेच्या तारा फार ताणू नयेत आणि फार सैलही ठेवू नयेत, असे समजावल्याची गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. आम्हाला ती त्या बाकावर बसल्या बसल्या आठवली.

त्या बाकाबद्दल सांगितले पाहिजे. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर सगळ्या जिल्ह्यांची माणसे बसतात. कोणी नवस बोलते, कोणी अंगारा आत पाठवायला परिचारिकेच्या मागे लागते. आम्ही त्रिसरण-पंचशील म्हणत होतो, तेही मनातल्या मनात. भीती सगळ्यांची सारखीच होती, त्यामुळे कोणाला नावे ठेवण्याची ती जागा नव्हे. तिथे रोज एक बातमी फिरायची की एक भारी इंजेक्शन आहे, परदेशी शोधाचे, ते दिले की कसलेही हृदय उभे राहते, पण दवाखाने गरिबाला ते सांगत नाहीत. शेजारचे एक कुटुंब त्याच्यासाठी बैलजोडी विकायच्या गोष्टी करीत होते. नाव होते लेव्होसिमेंडान.

आम्ही मॅडमना विचारले. त्यांनी टाळले नाही. हे औषध फिनलंडमधल्या कंपनीने काढले आणि २००० सालापासून ते वापरात आले. हृदयाच्या स्नायूत कॅल्शियम असते, त्याच्या इशाऱ्याने स्नायू आकसतो. इतर औषधे आतले कॅल्शियम वाढवून जोर काढतात. हे औषध असलेल्याच कॅल्शियमला स्नायू अधिक चांगला प्रतिसाद देईल असे करते, त्यामुळे प्राणवायूची मागणी फारशी वाढत नाही. नळी काढल्यावरही परिणाम आठवडाभर टिकतो. ऐकायला सगळे उत्तम. लहान लहान अभ्यासांत माणसे वाचताना दिसतही होती. म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या, आणि २०१७ साली एकाच वर्षात तीन निकाल आले.

अमेरिका आणि कॅनडातल्या ७० दवाखान्यांत ८८२ रोगी घेतले होते, सगळ्यांची ताकद ३५ टक्के किंवा कमी, म्हणजे आमच्या बाईसारखीच. कोणाला खरे औषध आणि कोणाला तसेच दिसणारे खोटे द्रावण चालले आहे, हे रोग्याला माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. मृत्यू, मूत्रपिंड निकामी होणे, झटका आणि यंत्राचा आधार लागणे हे सगळे एकत्र मोजले तर दोन्ही बाजूंना २४.५ टक्के. इटली, रशिया आणि ब्राझीलमधली चाचणी शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांच्या हृदयाला आधार लागला त्यांच्यावर होती. औषध मिळालेल्या २४८ पैकी ३२ दगावले, न मिळालेल्या २५८ पैकी ३३. पुढे चालवण्यात अर्थ नाही म्हणून ती थांबवली. फ्रान्समधल्या ३३६ रोग्यांच्या चाचणीतही फरक पडला नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांत हृदय कमी पडण्याचे प्रकार थोडे कमी होते आणि इतर औषधांची गरजही कमी लागली. म्हणून काही डॉक्टर निवडक रोग्यांत ते अजून वापरतात. ते टाकाऊ नाही. पण बैलजोडी विकून आणले नाही म्हणून माणूस गेला, असे त्याच्याबद्दल म्हणता येत नाही. मॅडम त्या शेजारच्या कुटुंबालाही हेच म्हणाल्या, "गरज वाटली तर मी स्वतः लावीन. तुम्ही बैल विकू नका." बैल राहिले.

केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धांनी सांगितले होते की परंपरेने आले म्हणून, ऐकीव आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, पारखून पाहा. आम्ही हे सुत्त अनेक वेळा ऐकले आहे आणि दर वेळी ते अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध आहे असेच समजून ऐकले आहे. ते महागड्या इंजेक्शनालाही लागू आहे. ज्या डॉक्टरांनी हे औषध चांगले असेल अशी आशा धरली होती, त्यांनीच ते खोट्या द्रावणाशेजारी ठेवून मोजले आणि नाही म्हणून जाहीर केले, यात आम्हाला धम्माचे आचरण दिसते. त्या रोग्यांनी संमतीच्या कागदावर सही केली नसती तर हे कळले नसते, हेही विसरता येत नाही.

खर्चाचे विचारणारे पुष्कळ आहेत म्हणून लिहितो. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली काही जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये ती सगळ्या राज्यात आली, आणि २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटावे. योजनेत मंजूर झालेली शस्त्रक्रिया कॅशलेस असते, म्हणून कोणी चिठ्ठी देऊन बाहेरून महागडे औषध आणायला सांगितले तर ती चिठ्ठी घेऊन तडक आरोग्यमित्राकडे जावे, औषधाच्या दुकानात नंतर. आणि रक्तदाते बरोबर न्यावेत. आमच्याकडून वस्तीतली चार पोरे आली होती. १४ एप्रिलच्या शिबिरात त्यांनी आधी रक्त दिलेले असल्यामुळे सुईची भीती गेलेली होती.

बाईच्या उशाशी पहिल्या रात्री तीन पंप चालत होते. रक्तदाब पडला तेव्हा मध्यरात्री अॅड्रेनलिन वाढवले. दुसऱ्या दिवशी ते कमी करायला घेतले, तर दाब खाली आला. पुन्हा थोडे वाढवले. भाऊजी दर तासाला काचेतून आकडा पाहायचे. आम्ही त्यांना सांगितले की वाढला आकडा म्हणजे बरे, असे पंपाच्या बाबतीत नाही. तो कमी होत गेला आणि दाब टिकला, तर बरे. मग ते उलटा आकडा मोजू लागले. तिसऱ्या दिवशी अॅड्रेनलिन बंद झाले, चौथ्या दिवशी नॉरअॅड्रेनलिन. मिलरिनोन सर्वांत शेवटी. मानेतली नळी निघाल्यावर ती परिचारिकेला म्हणाली, "सुया त काढल्या, आता भात कवा देता?"

धातूची झडप बसवली आहे, म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी तिला जन्मभर घ्यायची आहे आणि त्यासाठी आय.एन.आर. नावाची रक्ताची तपासणी वरचेवर करायची आहे. दात काढायचा झाला तरी आधी डॉक्टरांना झडपेबद्दल सांगायचे आहे. पेनिसिलिन चालू आहे. बिसोप्रोलोल अगदी लहान मात्रेवर सुरू केले होते, ते दोनदा वाढवले. पहिले काही दिवस त्या गोळीने तिला थकल्यासारखे वाटायचे आणि शेजारच्या बाया म्हणायच्या, सोडून दे ती गोळी. भाऊजींनी सोडू दिली नाही. सहा महिन्यांनी इको काढला तेव्हा ताकद ४० टक्के निघाली. यंदा रोवणीला ती चिखलात उतरली नाही, बांधावर बसून पऱ्यांच्या पेंढ्या मोजून देत होती. पुढचा इको वर्षावास संपल्यावर आहे.